मुख्याध्यापक बदलले की मुलांचे शिकणे बदलते का?

माणगंगा | २१ जून, रात्री ९.४०

आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ९२ आणि शिक्षक चार. मी तीन वर्षांपासून शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे आणि माझी धाकटी मुलगी याच शाळेत शिकली. दोन वर्षांपूर्वी आधीच्या गुरुजींची बदली झाली, नव्या बाई आल्या आणि ज्येष्ठतेनुसार मुख्याध्यापकपदाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. बाकीचे तीन शिक्षक तेच राहिले. इमारत तीच, मुले तीच, घरची परिस्थितीही तीच. तरीसुद्धा दोन वर्षांत मुलांच्या वाचनात जो फरक पडला, तो मी रोज संध्याकाळी घरात बसून पाहिला आहे.

एकच उदाहरण देतो. मुलगी तिसरीत असताना 'पर्वत' हा शब्द 'परवत' असा वाचायची. आम्हाला वाटले, तिचे लक्ष नसते. बाईंनी पहिल्याच महिन्यात परिपाठानंतर रोज पाच मुलांना व्हरांड्याच्या पायरीवर बसवून एकेक परिच्छेद वाचायला लावला आणि कोण कुठे अडखळते ते शंभरपानी वहीत टिपले. तेव्हा लक्षात आले की तिसरीच्या २४ मुलांपैकी १७ जण रफारालाच अडतात. म्हणजे दोष एकट्या मुलीचा नव्हता. दुसरीत तो भाग घाईत उरकला गेला होता. मग दुसरीच्या आणि तिसरीच्या गुरुजींनी बाईंबरोबर बसून शब्दपट्ट्या केल्या आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हा अडसर दूर झाला.

बाईंकडे स्वतःचा चौथीचा वर्ग आहे. तरी आठवड्यातून दोनदा त्या चौथीची मुले पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला पाठवतात आणि तो अर्धा तास दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागे, मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसतात. वर्गात काही बोलत नाहीत. जे बोलायचे ते मधल्या सुट्टीत, चहा घेताना बोलतात.

माझा प्रश्न असा आहे की हा परिणाम मुख्याध्यापकपदाचा म्हणायचा, की एक चांगली शिक्षिका योगायोगाने त्या खुर्चीवर आली एवढाच त्याचा अर्थ? आणि त्यांची बदली झाली तर हे टिकेल का? आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

खडूफळा | २१ जून, रात्री १०.२५

माणगंगा, तुमच्या बाईंविषयी पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी १९ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतो आहे आणि पाच मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले आहे. मूल शिकते ते वर्गात, आणि वर्गात शिक्षक असतो. शब्दपट्ट्या करणारे, त्या रोज वापरणारे आणि त्या १७ मुलांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेणारे दोन गुरुजी तुमच्या लेखात एका वाक्यात आले आणि निघून गेले. शाळा चांगली चालली की नाव मुख्याध्यापकाचे होते आणि निकाल घसरला की शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस येते, हे मी जवळून पाहिले आहे.

अश्विनी_पुणे | २१ जून, रात्री ११.०२

खडूफळा यांचे म्हणणे आणि माणगंगा यांचा अनुभव परस्परविरोधी नाहीत, असे संशोधन सांगते. शालेय नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले होते की शाळेच्या हातातील घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम वर्गातील अध्यापनाचा होतो आणि त्याखालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा. म्हणजे मुख्याध्यापकाचा प्रभाव बहुतांशी शिक्षकामार्फतच मुलापर्यंत पोहोचतो.

न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन यांचा २००८ चा अभ्यास मला अधिक उपयोगाचा वाटतो. २७ अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिले की मुख्याध्यापकाच्या नेमक्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसतो. ध्येय ठरवणे, साधने मिळवणे, शिस्त राखणे या सगळ्यांपेक्षा वरचढ ठरले ते एक काम : शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे. शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून आपण कार्यालयात थांबणे यात येत नाही. तुमच्या बाई शब्दपट्ट्या करायला बसल्या, हे नेमके ते काम आहे.

खडूफळा | २२ जून, सकाळी ६.५०

अश्विनीताई, 'शिक्षकामार्फत' हा शब्द मला मान्य आहे. पाचांपैकी एक मुख्याध्यापिका अशा होत्या की वर्गावर असताना माझ्याकडे कोणताही कागद येणार नाही याची त्या काळजी घेत. माहिती मागणारा फोन आला की 'गुरुजी वर्गावर आहेत, मधल्या सुट्टीत कळवते' असे सांगून ठेवून देत. त्या तीन वर्षांत माझे शिकवणे सलग झाले. त्यांनी मला शिकवण्यातले काही सांगितले असे आठवत नाही, पण माझा तास त्यांनी राखला. मुख्याध्यापकाचे हेही काम मोठे आहे, हे कबूल करायला हवे.

निवृत्त_गुरुजी | २२ जून, दुपारी १.१५

मी १३ वर्षे मुख्याध्यापक होतो. सातवीपर्यंतची शाळा, पट अडीचशेच्या आसपास. मुख्याध्यापकाने वर्गात जावे, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. तो का जात नाही, हे मात्र बाहेरून कळणे कठीण आहे, म्हणून एक दिवस जसाच्या तसा लिहितो.

सकाळी परिपाठ झाला की हजेरीचे आकडे गोळा करायचे, कारण पोषण आहाराची नोंद त्यावर अवलंबून असते. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, असा हिशेब करून स्वयंपाकी ताईंना तांदूळ मोजून द्यायचा, साठा नोंदवहीत खर्च टाकायचा, अन्न शिजल्यावर चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची. तेवढ्यात गटशिक्षण कार्यालयातून निरोप येतो की अमुक तक्ता दुपारी दोनच्या आत हवा. माहिती तीच असते, जी मागच्या महिन्यात वेगळ्या रकान्यांत दिलेली असते. सरल, यू-डायस प्लस आणि शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन माहिती प्रणाली, आणि प्रत्येक ठिकाणी भरणा वेगळा. एखाद्या मुलाच्या आधारकार्डावरील नावातली वेलांटी जुळत नाही म्हणून अर्धा दिवस जातो. साडेचारला शाळा सुटते, तेव्हा दिवसभरात एकाही वर्गाच्या आत पाऊल टाकलेले नसते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहितो. पाठनिरीक्षणाची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते. शेवटच्या काही वर्षांत मी ती अनेकदा कार्यालयात बसून भरली. 'फलकलेखन सुवाच्य आहे. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा. विद्यार्थी सहभाग समाधानकारक.' असे शेरे कोणत्याही वर्गाला लागू पडतात. शिक्षक खाली सही करत असत. त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. त्या वह्या आजही कपाटात असतील आणि त्या वाचून कोणालाही वाटेल की या शाळेत निरीक्षण उत्तम चालले होते. माणगंगा, तुमच्या बाईंची शंभरपानी वही कोणत्याही अधिकाऱ्याने मागितलेली नाही, म्हणूनच ती खरी आहे.

अश्विनी_पुणे | २२ जून, दुपारी ३.३०

गुरुजी, तुम्ही जे प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्याचाच मोठ्या प्रमाणावरचा दाखला मध्य प्रदेशात मिळतो. तिथे शाळांचे मूल्यमापन करायचे, प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा तयार करायचा आणि अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाठपुरावा करायचा, असा कार्यक्रम १,७७४ शाळांत राबवला गेला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी इतर शाळांशी तुलना करून त्याचा अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मूल्यमापने झाली, आराखडेही तयार झाले, पण शिक्षकांच्या उपस्थितीत, अध्यापनात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. तरीही कागदोपत्री काम पूर्ण झालेले असल्याने कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि पुढे देशभर त्याचा विस्तार झाला. मला यातून शिक्षकांना दोष द्यायचा नाही. वरून कागद मागितला की खालून कागदच येतो आणि त्यात मुलाचे वाचन मागे राहते, एवढेच मला यातून दिसते.

शुभदा_वऱ्हाड | २२ जून, सायंकाळी ५.१०

मी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद अर्हताप्राप्त शिक्षकांपैकी सेवाज्येष्ठाकडे जाते. या नियमामुळे संस्थाचालकांच्या मर्जीतल्या माणसाला खुर्ची देण्यास आळा बसला, म्हणून नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा की बहुतेक जण निवृत्तीच्या तोंडावर त्या पदावर पोहोचतात. माझ्या नोकरीच्या २२ वर्षांत सात मुख्याध्यापक झाले आणि त्यांतल्या एका सरांना अवघे चौदा महिने मिळाले. त्यांतले पहिले चार महिने कार्यालय समजून घेण्यात गेले आणि शेवटचे चार स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावात. गणिताचे ते इतके उत्तम शिक्षक होते की दहावीची मुले त्यांचा तास संपू नये असे म्हणत. मुख्याध्यापक झाल्यावर तोही वर्ग सुटला. शाळेने एक उत्तम शिक्षक गमावला आणि मुख्याध्यापकपदाची कोणतीही पूर्वतयारी त्यांना कोणी दिली नव्हती.

सह्यकडा | २२ जून, सायंकाळी ६.००

इथे एक मूलभूत गोष्ट नोंदवली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० पेक्षा जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो आणि सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा जास्त असतील तर. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या असंख्य शाळांचा पट यापेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणजे ज्याला आपण मुख्याध्यापक म्हणतो तो वर्ग सांभाळून कार्यभार वाहणारा शिक्षक असतो.

मांडवी_तीर | २२ जून, रात्री ८.४५

सह्यकडा यांच्या मुद्द्याला गोव्यातून जोड देते. आमच्याकडे सरकारी मराठी प्राथमिक शाळांत एकशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. तिथे मुख्याध्यापिका, चारही वर्गांची शिक्षिका आणि लिपिक ही एकच व्यक्ती असते. माझी बहीण अशा शाळेत होती. तिला कधी मार्गदर्शनाची उणीव भासली का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की मार्गदर्शनापेक्षा 'आज हे जमले नाही' असे सांगायला शाळेत दुसरे मोठे माणूसच नाही, याची उणीव अधिक भासते. नेतृत्वाविषयी बोलताना हा एकटेपणा विचारात घ्यावा, असे मला वाटते.

करवीर_वाचक | २२ जून, रात्री ९.५०

मांडवीताई, तुमच्या बहिणीने सांगितलेल्या एकटेपणावर उपाय सुचवला गेला, त्याला आता साठ वर्षे होतील. १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाच्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना आहे : जवळपासच्या लहान शाळांनी एका मोठ्या शाळेभोवती एकत्र यावे, शिक्षकांनी परस्परांकडून शिकावे, साधने वाटून घ्यावीत. आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना पुन्हा मांडली आहे. महाराष्ट्रात जवळपासच्या शाळांच्या गटासाठी केंद्रशाळा आणि त्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेत, पण केंद्रप्रमुखाचे काम माहिती गोळा करून वर पाठवण्यात अडकते, हे निवृत्त गुरुजींच्या वर्णनावरून कळतेच.

जिथे ही साखळी शिकण्यासाठी वापरली गेली, तिथे काय घडते याचे ठळक उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावादाचा (मूल स्वतः करून, अनुभवातून आपले ज्ञान घडवते या विचाराचा) अभ्यास करून बीटमधल्या शिक्षकांबरोबर काम केले आणि राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला जाऊ लागले. म्हणजे नेतृत्व मुख्याध्यापकाच्याच खुर्चीत असते असे नाही. ते एक पायरी वरही असू शकते, अट एवढीच की त्या व्यक्तीने शिक्षकाबरोबर वर्गात बसले पाहिजे.

खडूफळा | २२ जून, रात्री १०.३०

करवीर, कुमठ्याला मीही गेलो होतो. तिथले शिक्षक एकमेकांशी कसे बोलतात, एखादे मूल अडले तर चर्चा कशी करतात, हे पाहण्यासारखे होते. पण परत आल्यावर आमच्या भागात काय झाले ते सांगतो. 'फरशी रंगवा' असा निरोप आला. शाळांच्या फरश्यांवर तेलरंगाने चौकटी, मुळाक्षरे आणि अंक आले, त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले आणि ज्ञानरचनावाद पूर्ण झाला. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पैशांतून रंग आणला होता. हेतू चांगलाच होता, पण त्या चौकटींवर मुलांनी काय करायचे, हे ना त्यांना कोणी समजावले होते, ना त्यांनी आम्हाला. दोन पावसाळ्यांत रंग उडाला.

निवृत्त_गुरुजी | २३ जून, सकाळी ७.२०

खडूफळा, आमच्याही शाळेत हेच झाले. तुम्ही लिहिले ते शब्दशः खरे आहे.

थेम्सकाठची_आई | २३ जून, दुपारी २.००

मी इंग्लंडमध्ये राहते. माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहेत. इथे मुख्याध्यापिका रोज सकाळी फाटकावर उभ्या असतात, पावसातसुद्धा, आणि मुलांना नावाने हाक मारतात. पहिल्या वर्षी मला तो केवळ शिष्टाचार वाटला. पुढे मुलगा काही दिवस सकाळी गप्प गप्प येत होता, हे आमच्याआधी त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. तो वर्गातल्या गटात एकटा पडला होता.

कागदांचे ओझे मात्र इथेही आहे. 'ऑफस्टेड' ही तपासणी यंत्रणा शाळेला एका शब्दात श्रेणी देत असे. त्या एका शब्दावर शाळेची प्रतिष्ठा आणि मुख्याध्यापकाची नोकरी टांगलेली असायची. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी ती एकशब्दी श्रेणी बंद झाली. निवृत्त गुरुजींचा दिवस वाचताना मला आमच्या मुख्याध्यापिकेचे थकलेले डोळे आठवले.

शुभदा_वऱ्हाड | २३ जून, दुपारी ४.२५

थेम्सकाठच्या ताईंनी लिहिलेला नावाने हाक मारण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इतका वेळ आपण वाचन, निरीक्षण आणि कागदपत्रे यांवर बोललो. पण आठवी-नववीच्या मुली शाळा सोडतात, तेव्हा पहिली खूण म्हणजे सोमवारची गैरहजेरी. आमच्या एका मुख्याध्यापिका सलग तीन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी स्वतः जात. दोन मुलींची लग्ने त्यांनी आईवडिलांशी तासन् तास बोलून थांबवली. त्यांतली एक आज परिचारिका आहे. मूल शाळेत आलेच नाही तर शब्दपट्ट्या कोणासाठी करायच्या?

माणगंगा | २४ जून, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. खडूफळा सर, तुमचा आक्षेप मला पटला. काल दुसरीच्या गुरुजींना भेटून मी हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले की बाई वर्गात येऊन बसणार हे कळल्यावर पहिले दोन आठवडे त्यांना झोप लागली नव्हती. मग एके दिवशी बाईंनीच त्यांना आपल्या चौथीच्या वर्गात बसायला बोलावले आणि भागाकार शिकवताना आपण कुठे चुकतो ते सांगा, असे म्हटले. त्यांनी चूक दाखवली, बाईंनी ती वहीत लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो भाग पुन्हा शिकवला. 'त्या दिवसापासून भीती गेली,' असे ते म्हणाले. हे मला ठाऊक नव्हते. अश्विनीताईंनी लिहिलेले 'स्वतः सहभागी होणे' म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट समजले.

आता ज्यासाठी हा धागा काढला, ती गोष्ट सांगतो. बाईंचे नाव यंदाच्या बदलीच्या यादीत आहे. समितीचे काही सदस्य म्हणतात की तालुक्याला मोर्चा नेऊ आणि बदली रद्द करून घेऊ. बाईंनी स्वतः नको म्हणून सांगितले आहे. त्यांचे सासू-सासरे दुसऱ्या तालुक्यात आजारी आहेत आणि बदली त्यांनीच मागितली होती. मग आमच्या हातात काय उरते?

निवृत्त_गुरुजी | २४ जून, रात्री १०.०५

माणगंगा, मोर्चा नेऊ नका, त्याने बाईंचीच अडचण होईल. अनुभवावरून एक व्यवहार्य गोष्ट सुचवतो. बदली झाली की जुना मुख्याध्यापक नव्याला कार्यभार देतो आणि त्याची चार्ज यादी होते. त्यात लोखंडी कपाटे, खुर्च्या, गॅस सिलिंडर, शिल्लक तांदूळ किलो-ग्रॅमसह, दाखल-खारीज रजिस्टर, शिक्के, चाव्या हे सगळे असते. मी तीनदा चार्ज दिला आणि तीनदा घेतला. कोणते मूल काय वाचू शकते आणि कुठे अडते, याची एक ओळही त्या यादीत कधी नव्हती. नवा माणूस तांदूळ मोजून घेतो आणि मुलांच्या बाबतीत शून्यापासून सुरुवात करतो.

बाईंना विनंती करा की ती शंभरपानी वही चार्ज यादीत एक स्वतंत्र नोंद म्हणून द्यावी. समितीच्या बैठकीत तसा ठरावही घ्या. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतो, त्यामुळे नव्या व्यक्तीला तो ठराव वाचावाच लागेल. 'दर महिन्याच्या बैठकीत वाचनाच्या वहीचा आढावा घेतला जाईल' एवढे एकच वाक्य ठरावात असू द्या. जास्त लिहाल तर तोही एक तक्ता होईल.

खडूफळा | २४ जून, रात्री १०.४०

आणि वही एकट्या नव्या मुख्याध्यापकाच्या हाती देऊ नका. दुसरीच्या आणि तिसरीच्या गुरुजींना बैठकीला बोलावून त्यांनाच ती समजावून सांगू द्या. पद्धत त्यांच्या हातात बसली आहे. नव्या माणसाला आधार मिळेल तो त्यांचाच.

माणगंगा | २९ जून, रात्री ८.३०

काल समितीची बैठक झाली आणि ठराव एकमताने झाला. वही दुसरीच्या गुरुजींनी समजावून सांगितली. आज बाईंनी चार्ज यादी तयार केली, ती मी पाहिली. ३७ नोंदी नेहमीच्या आहेत. त्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिले आहे : '३८. वाचन नोंदवही, १ नग. पाने १ ते ७१ लिहिलेली. पहिलीच्या नव्या १९ मुलांसाठी पान ७२ पासून जागा सोडली आहे.'